कोवळी हाडं

एक्स-रेची फिल्म हातात पडली की माणूस आपोआप उजेडाकडे वळतो. खिडकी असेल तर खिडकीशी, नसेल तर दारात. काळी फिल्म आभाळासमोर धरायची, डोळे बारीक करायचे आणि त्या काळ्यातून पांढरं काही वर येईपर्यंत थांबायचं. मोठ्या माणसाचा फोटो चटकन उमगतो. तान्ह्या बाळाचा उमगत नाही. बाळाच्या फोटोत हाडं एकमेकांना शिवतच नाहीत. मांडीचं हाड संपतं, नडगीचं सुरू होतं, आणि मधली जागा रिकामी. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटात तर बहुधा एकही हाड दिसत नाही. तिथे कूर्चा असते आणि फिल्मवर कूर्चेचा मागमूस उमटत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे मूल अजून पुरतं जोडलेलंच नाही. ते खरंच आहे. हाड यायचं आहे, महिन्यामहिन्यानं, ठिपक्याठिपक्यानं.

मी डॉक्टर नाही. या फोटोंविषयी वाचत गेले, जाणत्यांना विचारत राहिले, त्याला कारण एकच. बोलता न येणाऱ्या मुलाला कुणी हाणलं, पिळलं, आपटलं, तर त्याची साक्ष कोण देणार? मूल सांगू शकत नाही. मारणारा सांगत नाही. घरातली बाकीची माणसं कधी तिथे नसतात, कधी असूनही गप्प राहतात. मागे उरतं ते हाड. तेही आपण होऊन बोलत नाही. त्याला विचारावं लागतं, आणि कधी विचारायचं ती वेळही त्याचीच असते.

जव्हार तालुक्यात साखरशेतला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आदिवासी भागात 20,000 माणसांमागे असं एक केंद्र असावं असा सरकारी हिशेब. पण वस्ती अशी गोळा होऊन राहत नाही. डोंगराच्या कुशीला एक पाडा, ओहोळापलीकडे दुसरा, नागली-वरईच्या उतारांवर तिसरा. कुडाची घरं, सारवलेली अंगणं, पावसात चिखलाची वाट. केंद्रात ताप पाहतात, बाळंतपण होतं, लस टोचतात. हाडाचा फोटो काढायचा तर पाय जव्हारकडे वळतात, तिथल्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाकडे. आणि तिथे जाण्याआधी बऱ्याच घरांत हाडवैद्याचं दार ठोठावलं जातं. तो बोटांनी चाचपून पाहतो, ओढून हाड बसवतो, कांडवेलीचा लेप लावतो, बांबूच्या कामट्या बांधतो. मोठ्या मुलाचा साधा मोडलेला हात अशानं कित्येकदा सांधूनही येतो. पण कामट्यांना विचारता येत नाही की हे हाड मोडलं कधी, आणि याच्या आधी आणखी एखादं मोडलं होतं का.

या दोन प्रश्नांपाशी पोचायला वैद्यकालाही फार वर्षं लागली. पॅरिसचे न्यायवैद्यक अम्ब्रुआझ टार्ड्यू यांनी 1860 मध्येच छळलेल्या 32 मुलांची हकिकत लिहिली होती. त्यांतली 18 दगावली होती. लोकांनी ती वाचली असेल, मनावर घेतली नाही. रोंटजेननं 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि वर्षभरात जगभरचे डॉक्टर मोडकी हाडं पाहू लागले. मारलेलं मूल मात्र त्या किरणांतूनही पुढची 50 वर्षं कुणाला दिसलं नाही. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या जॉन कॅफी यांनी सहा बाळांविषयी लिहिलं. सहाही जणांच्या मेंदूवर रक्त साकळलेलं होतं, आणि सगळ्यांची मिळून हातापायांची हाडं 23 ठिकाणी मोडलेली होती. इतकी हाडं मोडावीत असा अपघात एकाच्याही हकिकतीत नव्हता. कॅफींनी बोट कुणाकडे दाखवलं नाही. कोड्यासारखं मांडलं आणि ते थांबले. 1962 मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कोडं नाव घेऊन सोडवलं: ही मुलं मारलेली आहेत, आणि बहुतेकदा ज्यांच्या ताब्यात ती असतात त्यांनीच. त्यांनी 71 रुग्णालयांतून एका वर्षाची माहिती मागवली होती. 302 मुलं निघाली. 33 मेलेली, 85 जणांच्या मेंदूला कायमची इजा. पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी कायदे केले, की असा संशय आला तर डॉक्टरनं तो कळवलाच पाहिजे.

मला कॅफींचा थबकलेला हात समजतो. समोर आई बसलेली आहे, मांडीवर बाळ आहे, ती रडते आहे. फोटो मात्र दुसरंच काही सांगतो. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की माणुसकीवर, असं वाटून कुणीही थबकेल. त्या थबकण्याची किंमत बाळ मोजतं. मार खाल्लेलं बाळ ओळखलं न जाता घरी परतलं, तर पुढच्या वेळी ते जिवंत येईलच असं नाही.

बरगड्यांपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले आहे. तान्ह्या बाळाच्या बरगड्या लवचीक असतात, सहसा मोडत नाहीत. पण संतापलेल्या माणसानं दोन्ही हातांनी बाळाची छाती पकडली, अंगठे पुढे, बोटं पाठीवर, आणि आवळली, तर बरगडीचं मागचं टोक कण्याच्या मणक्यावर रेटलं जातं. मणक्याचं बाजूला आलेलं टोक तिथे टेकणासारखं काम करतं आणि बरगडी अगदी कण्याजवळ मोडते. पाठीशी, आत, जिथे बाहेरून काही दिसत नाही. कातडीवर बहुतेकदा साधा वळही उठत नाही. बाळ किरकिरतं, दूध ओढत नाही, उचलून घेतलं की कळवळतं. घरचे म्हणतात, पोट दुखत असेल, दृष्ट लागली असेल. त्या दिवशी फोटो काढला तरी फोटो गप्प राहू शकतो. जागच्या जागी राहिलेली ताजी मोड फोटोत अनेकदा दिसत नाही.

मग हाड आपलं काम सुरू करतं. मोडलेल्या जागेभोवती नवं हाड धरू लागतं. आठवडा जातो, दुसरा जातो, आणि जी जागा फोटोत कोरी होती तिथे पांढुरकी गाठ उमटते. एका बरगडीवर, कधी ओळीनं चार बरगड्यांवर, कण्याला लागून. म्हणून जाणते डॉक्टर पहिल्या फोटोवर समाधान मानत नाहीत. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा काढायला सांगतात. या एका गोष्टीनं माझ्या मनात घर केलं आहे. जखम जेव्हा बरी होऊ लागते तेव्हाच ती दिसू लागते. आणि त्या बऱ्या होण्यातच तारीख लपलेली असते. एका बरगडीवरची गाठ नवी, मऊ. दुसरीवरची जुनी, घट्ट. तिसरीवरची जवळजवळ विरून गेलेली. तिन्ही एका दिवसाच्या असू शकत नाहीत. घरचे म्हणतात, परवा खाटेवरून पडलं. परवाच्या एका पडण्यानं तीन वेगवेगळ्या महिन्यांची हाडं मोडत नाहीत. ही तारीख पंचांगासारखी नेमकी नसते, दिवस आणि वार सांगता येत नाही, आणि ज्यानं तसा दावा केला त्याच्यापासून जपून राहावं. पण ताजं आणि जुनं यांतला फरक हाड सांगतं.

दुसरी खूण हाडांच्या टोकांना असते. गुडघ्याशी, घोट्याशी, खांद्याशी, जिथे कोवळं हाड वाढतं, तिथे बाळाचा पाय कुणी हिसडला, पिरगळला, किंवा बाळाला धरून गदागदा हलवलं की त्या टोकाचा एक पातळ पापुद्रा सुटतो. फोटोत तो कधी कोपऱ्याच्या टवक्यासारखा, कधी बादलीच्या कडीसारखा दिसतो. अजून न चालणाऱ्या बाळाची मांडी मोडलेली असेल, फऱ्याचं किंवा छातीच्या मधलं हाड मोडलेलं असेल, कवटी अनेक ठिकाणी चिरलेली असेल आणि हकिकत मात्र गुडघाभर उंचीवरून पडल्याची असेल, तरी डॉक्टरनं थांबून पुन्हा विचारायला हवं. खरी परीक्षा दोन गोष्टी जुळतात का याचीच असते. बाळाला काय करता येतं, आणि घरचे बाळानं काय केलं म्हणून सांगतात. जे पालथंही पडत नाही ते खाटेवरून लोळत गेलं कसं?

आणि इथेच साखरशेतची वाट अवघड होते. मुलं पडतात. इथली तर जास्तच पडतात, कारण ती झाडावर चढतात, मोहाच्या फांदीवर, आंब्यावर. ओल्या बांधावरून घसरतात, गुरांमागे धावतात. आठ-दहा वर्षांच्या पोराचं मनगट किंवा कोपर मोडणं हा बालपणाचाच एक भाग आहे. नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाच्या नडगीला पीळ पडून चीर जाते, तीही साध्या अडखळण्यानं जाऊ शकते. अवघड बाळंतपणात गळ्याजवळची हासळी मोडते आणि दोनेक आठवड्यांत तिथे गाठ लागते. यातलं काहीच गुन्हा नाही.

त्याहून अवघड गोष्ट भुकेची. जव्हार-मोखाड्याचं नाव महाराष्ट्रानं नीट ऐकलं ते 1992-93 मध्ये, वावर-वांगणीची लेकरं कुपोषणानं गेली तेव्हा. भूक हाडावरही लिहिते. मुडदूस झालेल्या मुलाची मनगटं रुंद होतात, हाडांची टोकं कपाच्या आकाराची, उसवलेली दिसतात, बरगड्यांवर पुढच्या बाजूला मण्यांसारख्या गाठी येतात. घाईनं पाहणारा त्याला मारहाण म्हणेल. पण मुडदुसाचे मणी पुढे असतात, आवळल्याच्या मोडी बहुतेकदा मागे कण्याजवळ. एक रक्ततपासणी आणि मनगटाचा एक फोटो पुष्कळ शंका मिटवतो. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. सिकलसेलच्या तान्ह्या मुलाचे हातपाय एकाएकी सुजतात, हाडाच्या कडेनं नवं हाड धरतं, बाळ हात लावू देत नाही. बाहेरून वाटेल, कुणी पिरगळला. शिवाय जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार असतो, क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा असतो, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची हाडंही कच्ची असतात. कातडीचंही तसंच. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर जन्मखुणा असतात, त्या वळ नव्हेत. पोट फुगलं म्हणून बाळाला तापल्या लोखंडाचे डाग देण्याची रीत मेळघाटात आहे, तिथे तिला डंबा म्हणतात. हे डाग दुष्टाव्यानं दिलेले नसतात. मायेनं, घाबरून दिलेले असतात. बाळाला मात्र ते भाजतातच.

म्हणून मला वाटतं, गरिबाच्या घरात आधी रक्त तपासावं, हाडांचा आजार शोधावा, आणि तोवर आईबापांशी माणसासारखं बोलावं. पण हेही तितक्याच मनापासून वाटतं की गरिबीच्या दयेपोटी डोळे झाकू नयेत. मुडदूस असलेल्या मुलालाही कुणी मारलेलं असू शकतं. कुपोषणाच्या आकड्यात बुडालेलं बाळ कधी भुकेनं मरतं, कधी हातानं. दोन्ही मरणं एकाच रकान्यात गेली तर दुसऱ्यावर इलाजच उरत नाही.

केंद्र सरकारनं 2007 मध्ये मुलांच्या छळाची मोठी पाहणी छापली. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना विचारलं होतं. दर तिघांतल्या दोघांनी सांगितलं, मार खाल्ला आहे. ही मुलं 5 वर्षांपासून पुढची होती. त्याखालच्यांना विचारणार कसं? सगळ्यांत लहान, सगळ्यांत मोडण्याजोगी मुलं त्या पाहणीच्या बाहेरच राहिली, आणि त्यांची बाजू सांगायला पुन्हा फोटो आणि फोटो वाचणारा माणूस एवढंच उरलं.

पण पाड्यावर फोटो नाही. तिथे डोळे आणि हात आहेत, आणि ते कमी नाहीत. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायांना नवजात बाळ घरी जाऊन तपासायला शिकवलं. 1999 मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती रीत मिसळली. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, अंग उघडून पाहते. एवढ्या जवळून बाळाला बाहेरचं दुसरं कुणी पाहत नाही. मोठ्या बाळाला अंगणवाडीत सेविकाताई दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते, 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला की बाळ तीव्र कुपोषित. तिची बोटं त्या वेळी त्याच दंडावर असतात. दंड धरताच बाळ किंचाळलं, एक हात दुसऱ्यापेक्षा कमी हलवतं आहे, अजून न चालणाऱ्या बाळाच्या कानामागे किंवा पोटावर काळंनिळं आहे, ही नोंद पट्टीच्या आकड्याशेजारी लिहिता आली तर? रकाना वाढवायला कागद लागतो, आणि एवढं लिहिल्याबद्दल ताईवर गावात रोष येणार नाही एवढी पाठराखण लागते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ आहे. ज्या पाड्यात ती राहते, त्याच पाड्यात मारणाराही राहतो.

मोठ्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांना बोलता येतं, पण ऐकणारं कुणी जवळ नसतं. सप्टेंबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी कुटुंबातली सुमारे 10 वर्षांची मुलगी नाशिकच्या रुग्णालयात दगावली. तिला मेंढ्या राखायला संगमनेरकडे ठेवलं होतं. बेशुद्ध झाल्यावर तिला घराजवळ आणून टाकलं होतं. अंगावर खुणा होत्या. श्रमजीवी संघटनेनं प्रकरण उचललं आणि मग कळत गेलं, की थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर दिलेली अशी आणखी मुलं आहेत. इगतपुरी आणि मोखाडा यांच्यामध्ये डोंगर असला तरी दैन्य एकच आहे. त्या मुलीचं नाव मी लिहीत नाही. कायदाही लिहू देत नाही, आणि मनही धजत नाही. पण वाटत राहतं, मेंढ्यांमागे हिंडताना तिच्याकडे कुणी नीट पाहिलं असतं, अंग कसं झालंय, हात का जपून धरतेस असं विचारलं असतं, तर?

जव्हारच्याच जिल्ह्यात, डहाणूकडे, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी फुलवली. तिथे मुलांना मारून शिकवायचं नाही हे ठरलेलं होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली, त्याच्या कितीतरी आधी. मुलाचं अंग त्याचं स्वतःचं आहे, ही कल्पना या मातीला परकी नाही. कायदाही आता अपुरा नाही: 2015 च्या बाल न्याय कायद्यात, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला मारणं, छळणं हा शिक्षेचा गुन्हा आहे, जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे, 1098 हा नंबर आहे.

अडतं ते दिवाळीनंतर. भात कापून झालं की ट्रक येतात आणि पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघून जातात. समजा, एखाद्या बाळाचा पहिला फोटो जव्हारला त्याच आठवड्यात काढला आणि डॉक्टरांना शंका आली. बरगडीवर गाठ उमटेल तेव्हा बाळ भट्टीवर असेल, विटांच्या आडोशाला, बाजूला तेच घर, तीच माणसं. दुसरा फोटो कोण काढणार? स्थलांतरित मातांची आणि बालकांची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पोचवणारी व्यवस्था राज्याच्या महिला व बालविकास विभागानं आता सुरू केली आहे. लसीचा डोस, वजन, पोषण आहार त्यातून पुढे जातो. त्यात आणखी एक ओळ जाऊ द्यावी: छातीचा आणि हातापायांचा फोटो अमुक तारखेला पुन्हा काढणे. खाली केंद्राचा नंबर. ती ओळ वाचणारी सेविका भिवंडीची असो की वसईची, तिनं आईला सोबत घेऊन बाळ जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं, आणि फोटोत काय दिसलं ते संध्याकाळपर्यंत साखरशेतला कळवावं.